भाऊजींची जल-तीन

आमचे दिवाकर भाऊजी रायपूरच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यावर माणसं तीर्थाला जातात, नाहीतर गुडघे घेऊन डॉक्टरकडे जातात. यांनी लोखंडी बोट विकत घेतली. रायपुरात! जिथे लोक पाण्यासाठी टँकरची वाट बघतात तिथे.

नवं राज्य झालं तेव्हा भोपाळ आणि रायपूरमध्ये टेबलं, कपाटं, जिपा, माणसं सगळ्यांची वाटणी झाली. मीही त्याच वाटणीत इकडे आलेला कारकून. एका खात्याची जुनी बोट मात्र कोणाच्याच यादीत नव्हती. ती लिलावात निघाली आणि भाऊजींनी उचलली. अठरा फुटी, बसक्या नाकाची, डाव्या गालावर मोठा पोचा, अंगभर रिबिटांच्या रांगा. कुशीवर 'जल-३' असं पांढऱ्या रंगात आणि त्यावर लाल रंगात 'कंडम'.

भाऊजींनी पहिल्याच दिवशी तो लाल शब्द खरवडून काढला.

"आमच्या शॉपमंधी दोनच शब्द, शिरीष," ते मला म्हणाले. "दुरुस्त होनारी वॅगन सिक. न होनारी कंडम. फिटरनं खडूनं लिवलं का झालं. अन् हे पोट्टी सिक हाय, कंडम नाही."

मी हसलो. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण ते पुढे म्हणाले, "चौतीस वर्षं दुसऱ्याच्या वॅगनी नीट केल्या. धुवून-पुसून धाडल्या, त्या गेल्या आसामले. एकबी वापस येऊन म्हने नाही का दिवाकर, मी बरी हाय. हे माझ्यापाशी राहीन." त्यानंतर मला हसता आलं नाही.

बोट भनपुरीत, ओळखीच्या शालिग्रामच्या ट्रकच्या आवारात उभी राहिली. दहा महिने भाऊजी रोज सायकलनं तिथे जात. हातोडीनं एकेक रिबीट ठोकून कान लावत. आवाज बद्द आला की ते रिबीट बदलायचं. रेल्वेच्या जुन्या डब्यातली हिरवी बाकं बसवली, शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन बसवलं. तळाला एक भोक होतं, मुठीएवढं. वेल्डिंगनं जुना पत्रा जळेल म्हणून तिथे त्यांनी रबर घालून नवा पत्रा बोल्टांनी आवळला. पोटच्या पोरीलाही कोणी इतकं नटवलं नसेल.

माझी बहीण वनमाला हे सगळं बघत होती. शेवटी एकदा बोलली.

"मी बसीन तुमच्यासंगं. पन पहिल्या दिवशी आत पानी आलं, तर तिथूनच उरल्याच्या भट्टीत, भंगार वितळवाले. पोहनं तुमाले येत नाही, मलेबी येत नाही."

भाऊजींनी देवावर हात ठेवून हो म्हटलं. भाऊजी शब्द फिरवणारे नव्हेत, आणि खरी भीती तीच होती.

त्यांनी आधी परीक्षा घेतली. टँक वॅगनची घेतात तशी. आवारातच बोट काठोकाठ पाण्यानं भरली, खाली कोरडी वर्तमानपत्रं पसरली. मी आणि ताई वाकून वाकून बघत राहिलो. संध्याकाळपर्यंत कागदावर एक डाग नाही. भाऊजींची मान अशी ताठ झाली की विचारू नका.

जानेवारीच्या एका सकाळी शालिग्रामच्या ट्रकनं जल-तीनला खारुन नदीच्या काठी नेलं, महादेव घाटाच्या थोडं वर. भाड्यानं आणलेल्या क्रेननं तिला पाण्यात सोडलं. ती जराशी डावीकडे कलली आणि तरंगली. ताईनं नारळ फोडला, पदर खोचला आणि हिरव्या बाकावर जाऊन बसली, मी तिच्या समोर. शालिग्राम ट्रकपाशीच थांबला. उरल्याला जायचं की रिकामं परतायचं, ते त्याला अर्ध्या तासात कळणार होतं.

इंजिन धडधडलं. आम्ही मधल्या धारेला आलो. भाऊजी सुकाणू धरून उभे, चेहरा नवरदेवाचा. आणि माझ्या पायाशी, फळीच्या फटीत, काहीतरी चमकलं.

पाणी होतं. मी झटकन त्यावर चप्पल ठेवली. खोटं बोललो म्हणा, लपवलं म्हणा. त्या माणसाचे दहा महिने माझ्या चपलेखाली होते. मोजा ओला झाला, मग बोटं गार पडली. मी वर बघितलं तर ताई माझ्याच पायाकडे बघत होती.

"पाय उचल, शिरीष."

मी उचलला. पाणी फळीवर आलं.

भाऊजींनी बघितलं. बोट वळवली. काठ समोर दिसत होता आणि जवळ येत नव्हता. ताईनं फराळाचा डबा रिकामा केला आणि पाणी उपसायला लागली. मी ओंजळीनं उपसत होतो, देवाचं नाव घेत होतो. काठाला लागलो तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं.

क्रेननं बोट वर घेतली. तळातून धार गळत होती. भाऊजींनी खिशातून खडू काढला. नोकरी सुटली तरी खडू सुटला नव्हता.

"शालिग्राम, उरला ले जा," ते म्हणाले. आवाज इतका साधा होता की मला रडू आलं.

"सोच लो, भैया," शालिग्राम म्हणाला.

"जबान दी है."

ते कुशीवर लिहायला वळले, तोच ताई म्हणाली, "थांबा. आवारात नव्हती गळत, मंग आताच काहून? तवा पानी आत होतं, आता बाहीर होतं. तुमी तो पत्रा कोन्त्या अंगानं लावला?"

"आतून," भाऊजी म्हणाले. "वॅगनले आतूनच लावतेत. कोळसा आतून दाबते न, पत्रा अजून घट्ट…"

ते तिथेच थांबले. चौतीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात आतून गेला होता. नदी बाहेरून दाबते, पत्रा आत ढकलून सैल करते. भाऊजींनी मटकन खाली बसून कपाळाला हात लावला.

"चूक माझी हाय, वनमाला. बोटीची नाही. पन शब्द तो शब्द."

"शब्द कोनाले देल्ला?"

"तुले."

"मंग तो माझा झाला. त्याचं काय करायचं ते मी पाहीन."

तिनं त्यांच्या हातातला खडू घेतला. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही. पदराचं एक टोक कोरडं राहिलं होतं, त्यानंच तिनं 'जल-३' च्या खालची जागा पुसून कोरडी केली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सिक'.

मग शालिग्रामकडे वळून म्हणाली, "भैया, भनपुरी."