हाजराबीची जीभ

सांगलीच्या जुन्या पेठेत आप्पासोंची झाडपाल्याच्या औषधांची वखार होती. पाटणच्या रानातून साली, मुळ्या, बिया पोत्यांनी येत, आणि कुटून, चाळून पुड्यांत बांधून गावोगाव जात. या वखारीत हाजराबीनं एकोणीस वर्षं एकच काम केलं. ती चाखायची.

नवरा वजीर तरुणपणीच गेलेला, मूल नाही. तिच्याजवळ होती ती ही एवढी जीभ. पांढऱ्या कुड्याची साल रक्ताची आव थांबवते. काळ्या कुड्याची साल दिसायला तिची बहीणच, पण त्या दुखण्याला तिचा उपयोग नाही. वाळल्यावर रानात जन्मलेला माणूसही दोन्हींत फसतो, आणि विकणारे तर मुद्दाम मिसळतात. हाजराबी पोत्याच्या तळातून, मधून आणि वरून नखाएवढा तुकडा काढी, पुढच्या दातांत चावी, जिभेच्या मुळाशी ढकली आणि डोळे मिटून थांबे. खरा कडूपणा उशिरा येतो आणि उशिरा जातो, असं ती म्हणे. मग थुंकून पोत्यावर गेरूची रेघ ओढी. रेघ नसलेलं पोतं माघारी जाई.

या जिभेसाठी तिनं मिसरी लावली नाही, पान खाल्लं नाही. भाचीच्या लग्नात सरबताचा पेला तसाच ठेवला, कारण दुसऱ्या दिवशी माल यायचा होता.

साल कुटणाऱ्या बायकांत आटपाडीकडची बनुबाई होती. नवरा धुळा बाजारात हमाली करायचा. बनुबाई तोंडानं फटकळ. हाजराबीशी कुणी भांडायला लागलं की म्हणायची, "नगा गं तिच्या नादी लागू. तिची थुकीबी औषध हाय." सात वर्षं दोघींनी एका डब्यातली भाकरी खाल्ली. मग धुळाच्या म्हाताऱ्या बापाची मेंढरं सांभाळायला ती दोघं गावी परतली.

आप्पासोंचा पुतण्या मानसिंग बी.एस्सी. होऊन वखारीत बसायला लागला होता. त्यानं हाजराबीला समजावलं होतं की तिच्या जिभेला कळतं त्याला अल्कलॉइड म्हणतात. झाडं ते स्वतःच्या अंगात तयार करतात, बहुधा किड्यामुंग्यांनी आणि गुरांनी खाऊ नये म्हणून. त्यात नायट्रोजन असतो, आम्लाच्या पाण्यात ते विरघळतं, आणि कुड्यातल्याचं नाव कोनेसिन. आवेचे जंतू त्यानं मरतात. ती म्हणाली, मग कडू ते सगळं औषधच म्हणायचं. तो म्हणाला, नाही चाची, कुचल्याचं बीही कडू असतं आणि त्यानं माणूस मरतो. काळ्या कुड्यातही कडवटपणा थोडा असतोच, फक्त तो कामाचा नसतो. साल आम्लाच्या पाण्यात उकळून, गाळून, वर एका औषधाचे दोन थेंब टाकले की पांढऱ्या कुड्याचा दाट नारिंगी साका बसतो, अशी तपासणी त्याला वखारीत सुरू करायची होती. आप्पासो हसले. "तुजी काचंची नळी हातातनं पडली की फुटती. हाजराबीची जीभ एकोणीस वर्सं वापरतोय."

हाजराबीही हसली. तिला ते आवडलं होतं.

बहात्तर साली पावसानं दगा दिला. पूर्वेकडच्या तालुक्यांत खडीची कामं निघाली, माणसं डबक्यातलं पाणी प्यायला लागली आणि आव पसरली. कुड्याच्या चूर्णाला मागणी आली ती कधी नव्हे एवढी. त्यातच रमजान लागला.

रमजानात हाजराबी दिवसा चाखत नसे. थुंकलं तरी कडू लाळेबरोबर उतरतंच, असं तिचं तिनंच ठरवलेलं. माल दिवसभर एका बाजूला राही. संध्याकाळी ती खजुरानं रोजा सोडी, मिठाच्या पाण्यानं चुळा भरी, तासभर गप्प बसे आणि मग पोत्याला हात लावी. तो तास आप्पासोंनी कधी मोडला नव्हता.

त्या संध्याकाळी आटपाडीकडं निघालेला ट्रक दारात उभा होता. सव्वीस पोती साल अजून चाखायची आणि कुटायची होती. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला. आप्पासो म्हणाले की तिकडं माणसं मरायला लागलीत आणि आपण हितं घड्याळ बघत बसायचं का. हाजराबीला ते खरं वाटलं. खजुराची गोडी तोंडात असतानाच तिनं तुकडा चावला. गोडावर साधा कडवटपणाही जहर लागतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण तुकडा कडू लागला, दुसरा लागला, तिसरा लागला. तिनं सव्वीस रेघा ओढल्या. कुटणाऱ्यांनी दिवट्या लावून कुटलं.

ईद होऊन बारा दिवस झाले होते. भर दुपारी धुळा वखारीच्या दारात येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं. बनुबाई गेली, हे हाजराबीला विचारावं लागलं नाही.

तो ओरडला नाही. खिशातून अर्धी राहिलेली पुडी काढून त्यानं तिच्यापुढं धरली. "भाभी, एवढं चाखून सांगा. दुसरं काय न्हाई."

आप्पासो गादीवरून उठून आले. त्यांनी धुळाच्या खांद्यावर हात ठेवला. औषध बरोबर होतं, आयुष्याची दोरी आपल्या हातात नसते, असं समजुतीचं बरंच काही बोलले. बोलताना ते हाजराबीकडं बघत होते. एका वाक्याचं काम होतं. तेवढ्यानं धुळा परत गेला असता आणि वखारीची अब्रू राहिली असती, तिचीही.

हाजराबीनं चुळा भरल्या. मग ती बसून राहिली, पुरा एक तास. धुळाही बसला. मानसिंग दोनदा बाहेर आला आणि आत गेला. शेवटी तिनं चिमूट जिभेच्या मुळाशी टाकली, डोळे मिटले.

"हे औषध न्हाई," ती म्हणाली. "काळा कुडा हाय. मीच चाखून पास केलावता."

आप्पासो आत गेले.

धुळानं पुडीची घडी घातली. "सरकारी दवाखान्यात जाऊ म्हनत हुतो मी," तो म्हणाला. "ती न्हाई म्हनली. तिसऱ्या दिशी म्हनली, चुरन कडू लागंना. सात वर्सं कुटलंय, मला कळतंय. मी म्हनलं, मग टाकून दे की. तर म्हनली, हाजरानं चाखल्यालं हाय, तिची जीभ चुकायची न्हाई. दुखण्यानं माजंच त्वांड गेलंय."

एस.टी.ची वेळ झाली तसा तो उठला. पाणी विचारलं तर नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हाजराबी वखारीत गेली नाही. मानसिंगनं नळ्या आणल्या. तो तिच्या घरी येऊन म्हणाला, चाची, चूक रोज्याची होती, तुमची नव्हे. आता दोन्ही तपासण्या करू. ती म्हणाली, "रोज्यावर घालू नको बाबा. घाई मी केली."

आता ती सांगलीतच विश्रामबागेत आमच्याकडं आणि आणखी दोन घरी चटणी-मसाला कुटायला येते. आई कधी आमटीचा थेंब तिच्या तळहातावर टाकून मीठ विचारते. ती हात धुऊन टाकते आणि म्हणते, तुमीच बघा.