विहिरीत गेलेली काळी

सहावीच्या पुस्तकात मातीचा धडा दोन पानांचा होता. सोबत एक चित्र: वर गवत आणि एक झाड, खाली माती, त्याखाली खडक. चित्रातले झाड आमच्या भागात कुठेच उगवत नाही. मी तेव्हा चिंचवडजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. वर्तमानपत्रातली नोकरी नंतरची. पन्नासचे दशक निम्मे सरले होते आणि पिंपरीच्या आसपास शेताशेतांत कारखान्यांचे पाये खणले जात होते. मी पुस्तक मिटले आणि वर्ग अशा एका खड्ड्यावर नेला.

खड्ड्याची भिंत उभी कापलेली होती. वर काळी माती, मग मुरूम, तळाला कातळ. मुलांनी पाटीवर थर काढले. कातळ झिजून बोटभर माती व्हायला माणसांच्या कित्येक पिढ्या जातात, असे मी सांगितले. एका मुलीने हात वर केला. खड्डा तिच्या वडिलांच्या मळ्यात होता. मळा सरकारने कारखान्यासाठी घेतला होता. त्यांच्याकडे उरला होता टेकडीखालचा माळ, जिथे नांगर लावताच दगड वाजत.

"गुरुजी, मग आमच्या माळावर माती कवा व्हईल?"

"तुझ्या हयातीत नाही."

"माझ्या नातीच्या?"

"तेव्हाही नाही."

"मग काय, दगडाचं कालवण करनार व्हय गं?" मागून एक पोरगा म्हणाला. वर्ग हसला. ती खड्ड्याच्या कडेला पडलेल्या काळ्या मातीच्या ढिगाकडे पाहत होती.

या गावांत उन्हाळ्यात तळ्याचा गाळ गाड्या भरून शेतात नेऊन पसरतात. त्यामुळे खड्ड्यावरची काळी उचलून आपल्या माळावर टाकू, हे तिचे म्हणणे वडिलांना लगेच पटले. बैल घरचे होते, भावकी गाड्या द्यायला तयार होती. माळावर हातभर काळी पडली तर ज्वारी येणार होती. नाहीतर त्यांना याच खड्ड्यावर घमेली उचलावी लागणार होती. कारखान्याच्या बांधकामावरच्या साहेबांशी बोलायला त्यांनी मला सोबत नेले.

"साहेब, जमीन तुमची झाली. ही माती तर तुमी टाकूनच देणार."

"जमीन घेतली ती मातीसकट घेतली."

"मग पेरनार हाय का तिच्यात?"

मुकादम हसला. साहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवा."

"तेच शिकवतोय."

"वरून परवानगी लागते. अर्ज द्या."

अर्ज दिला. उत्तर आले नाही. दरम्यान मळ्यातली विहीर बुजवण्याचे काम निघाले, कारण नकाशात तिच्यावरून रस्ता जात होता. भरावाला मुरूम लांबून आणावा लागला असता. काळी हाताशी होती. शाळा सुटल्यावर मी आणि ती मुलगी पोचलो तेव्हा वडील बांधावर उभे होते. ढीग संपत आला होता. बांधीव विहीर, जिवंत झरे, तिच्यावर पिकलेला मळा, आणि त्याच मळ्याची माती तिच्या तोंडात. पाणी आधी गढूळ झाले, मग दिसेनासे झाले.

"आणि परवानगी?" मी विचारले.

"अर्ज वर गेलाय," साहेब म्हणाले. याला परवानगी कोणाची होती, ते त्यांनी सांगितले नाही.

चोरी झाली असती तरी चालले असते. ती माती कोणाच्या तरी शेतात पिकली असती. इथे कोणालाच काही मिळाले नाही. हजारो वर्षांत झालेली वस्तू शिकल्यासवरल्या माणसांनी आळसापोटी भोकात लोटली, आणि कागदावर सगळे नियमाप्रमाणे होते.

सहामाहीला मी प्रश्न घातला: मातीचे तीन उपयोग लिहा. तिने लिहिले, पीक काढणे, मडकी घडवणे, विहीर बुजवणे. मी पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापकांनी तिसरा गुण खोडला. "पुस्तकात नाही."

"गावात आहे," मी म्हणालो आणि तो पुन्हा दिला.

त्यांनी तो पुन्हा खोडला. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा तिची जागा रिकामी होती. बापलेक त्याच रस्त्यावर खडी वाहत होते.