फिरतीची नोकरी

भूविज्ञानाच्या एम.एस्सी.ला आम्ही दोघं एका वर्गात होतो. पहिली मी आले, दुसरा तो. सरकारच्या भूजल खात्याची जाहिरात आली तेव्हा अर्जही बरोबरच भरले. मुलाखतीत त्याला विचारलं, बेसाल्टच्या खडकात पाणी कुठे साठतं. मला विचारलं, "जीपमधून चार पुरुषांबरोबर फिरावं लागेल, गावोगाव मुक्काम करावा लागेल. लग्नानंतर घरचे सोडतील?" मी म्हटलं, सोडतील. खडकाबद्दल मला कोणी काही विचारलंच नाही. निवड त्याची झाली. तोवर आमचं लग्न ठरलं होतं. माझी आई म्हणाली, "बरं झालं. घरात एकाची फिरती पुरे."

पुढे पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी संगणक आला. मीही शनिवार पेठेतल्या एका क्लासला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकले आणि हिंजवडीच्या एका कंपनीत लागले. काही वर्षांत माझा पगार त्याच्या पुढे गेला. सोसायटीतले एक गृहस्थ त्याला जिन्यात गाठून म्हणायचे, "काय साहेब, मिसेस कमावताहेत, तुम्ही खुशाल दगड फोडा!"

"फोडतो की. तुमच्या बोअरला पाणी लागलं नाही की याल माझ्याकडेच."

सगळ्यांना वाटायचं, त्याला माझा हेवा वाटत असणार. हेवा मला वाटायचा.

फिरतीवरून तो यायचा तेव्हा बोटांना खडू लागलेला असायचा. विहिरीत टेप सोडण्याआधी तिच्या टोकाला खडू चोळतात. तो जिथवर ओला होऊन काळवंडतो, त्यावरून पाणी किती खोल गेलंय ते कळतं. जेवताना तो त्या विहिरींबद्दल नात्यातल्या माणसांसारखं बोलायचा. अमकी यंदा लवकर आटली, तमकी कशी कोण जाणे तग धरून आहे. त्याचा एखादा अंदाज चुकला की मला बरं वाटायचं.

एकदा आमच्या ऑफिसशेजारी नव्या इमारतीचा पाया खणत होते. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये विटेच्या रंगाचा पट्टा उघडा पडला होता. एक लाव्हा निवून दुसरा त्यावर येईपर्यंत साचलेली माती. डबा तसाच ठेवून मी कुंपणाच्या पत्र्यांच्या फटीतून बघत राहिले. घरी आल्यावर त्याला सांगितलं.

"भिंगातून पाहिलंस?" तो म्हणाला.

"भिंग तुझ्याकडे असतं."

दुसऱ्या दिवशी त्यानं ते माझ्या पर्समध्ये टाकलं. मी पोचले तेव्हा खड्ड्यात काँक्रीट ओतून झालं होतं.

गेल्या वर्षी तो गेला. आजार लांबला नाही. भेटायला येणारे त्याच्या फिरतीच्या गोष्टी सांगायचे आणि रडता रडता मला त्याचा मत्सर वाटायचा. असंही होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मग एका सकाळी त्याच्या जागेवर आलेली मुलगी खात्याचं सामान न्यायला आली. टेप, होकायंत्र, भिंग. भिंगाची दोरी तिनं सहज गळ्यात अडकवली.

"मुलाखतीत काय विचारलं तुला?" मी म्हटलं.

"बरंच काही. खडकातल्या भेगा, उपग्रहाची चित्रं कशी वाचायची..."

"आणि फिरतीचं?"

"फिरतीचं काय, मॅडम?"

तिला खरंच कळलं नव्हतं. मी चहात साखर किती ते विचारलं.

निघताना ती म्हणाली, "सोमवारी सरांच्या विहिरींवर चाललेय. तुम्ही येता? जीपमध्ये जागा आहे. गावातले लोक सरांची फार आठवण काढतात. तुम्हाला पाहून त्यांना बरं वाटेल."

त्यातली एकूण एक विहीर मला ऐकून पाठ होती. प्रत्येकीच्या काठावर मला उभं राहायचं होतं, पण साहेबांची बायको म्हणून नव्हे.

"सोमवारी रजा मिळायची नाही."

"मग शनिवारी ठेवू?"

"शनिवारी तर नाहीच."

"बरं," ती म्हणाली आणि दारात बसून बूट चढवू लागली. जाड तळव्यांचे, घोट्याच्या वर येणारे. नाड्या बांधून होईपर्यंत मी दार धरून उभी होते.