कढईत तडतडलेली पट्टी

त्या दिवशी दुपारी गिरणीचा हेडक्लार्क दारात आला. "डॉक्टरसाहेबांकडून चूक झाली… विजेचा धक्का बसला," म्हणाला. माझा पुतण्या विनायक गेला, हे त्यानं त्यानंतर सांगितलं. आधी चूक, मग मरण. ते माझ्या मनातून जात नाही.

आईमागं विनायकाला मीच वाढवलं. विलायतेत विजेचा अभ्यास करून डॉक्टर झाला, तरी त्याचं शिकणं संपेना. जबर दाबाची वीज यंत्रातल्या तारेबाहेर फुटू नये म्हणून तारेवर काय गुंडाळावं, याचा शोध तो इथं सोलापुरात, गिरणीच्या वीजघरात करत होता. आपलं सुती कापड पक्कं वाळवून तेलात मुरवलं तर चालेल, असं त्याचं म्हणणं. शेजारची मल्लव्वा मात्र त्याला गळू दाखवायला यायची.

"मावशी, मी तसला डॉक्टर नव्हे."

"मग कसला? लई शिकलास म्हनं, आन् गळूबी फोडता येईना व्हय?"

मला तो म्हणायचा, "काकू, विजेला सोवळ्यात ठेवायचं, एवढंच माझं काम. पण तुमचं सोवळं ओलेत्यानं चालतं, माझं थेंबभर पाण्यानं मोडतं." म्हणून कापडाची पट्टी तो माझ्या कढईत, कडकडीत तेलात सोडायचा. ओल असली की तडतडायची, कोरडी असली की गप्प. तेल नासतं म्हणून मी तोंड सोडायची… तो कान देऊन ऐकत उभा.

जाण्याच्या थोडे दिवस आधी आणलेली पट्टी मोहरीसारखी तडतडली. तो ताटावर बसलाच नाही. "गिरणीच्या साहेबांना घाई आहे. पण हे कापडाचं ठाण परत जाईल, यंत्रावर चढू देणार नाही." मी ऐकलं, त्याची बायको सिंधू हिनंही ऐकलं. मग त्या दिवशी यंत्रावर कापड कुठलं होतं? गिरणीत विचारलं तर म्हणाले, जळून गेलं.

परवा तोच हेडक्लार्क विनायकाचा मोठा फोटो घेऊन आला. गिरणीतल्या कुठल्याशा समारंभातल्या फोटोवरून काढलेला. खाली सोनेरी अक्षरं, 'विज्ञानासाठी बलिदान'. गिरणीत लावायचा, सिंधूनं हार घालायचा, मग तसलाच एक घरी ठेवायला देणार.

"बलिदान कधी झालं? तुम्ही तर चूक म्हणाला होता," मी म्हटलं.

"जाऊ द्या की बाई आता."

"ते ठाण परत गेलं का?"

"ते खातं माझ्याकडं न्हाई." आणि चहात बघत बसला.

माझ्याकडं पुरावा नाही. संशय आहे, तो लिहिते.

सिंधू आतून ऐकत होती. "काकू, मी हार घातला तर सगळं कबूल केल्यासारखं होईल ना?"

"होईल."

"मग न्या तो," ती त्याला म्हणाली.

त्यानं चौकट कागदात गुंडाळली, काखेत मारली आणि निघून गेला. आमच्या घरात विनायकाचा एकही फोटो नाही.