बहिणीच्या गाडीचा पिकअप

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन शटरचं एक गॅरेज आहे. एका शटरमागे गाड्या असतात, दुसऱ्यामागे मामा. गाडीला पिकअप वाढवून देणारा म्हणून पिकअपमामा. त्याला सख्खा भाचा एकच, पण मामा तो अख्ख्या गल्लीचा. खरं नाव त्याची थोरली बहीण तेवढी घेते, तेही रागावल्यावर. म्हणजे रोज.

मामाची कामाची एक रीत आहे. गाडी ओढत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की तो बॉनेट उघडत नाही. मालकालाच स्टिअरिंगवर बसवतो आणि एक फेरी मारायला लावतो. स्वतः मागच्या सीटवर, डोळे मिटून. पुढं बसलं की डोळेच सगळं काम ओढून घेतात आणि कानांना सुट्टी मिळते, असं त्याचं म्हणणं. फेरी संपली की निम्म्या लोकांना तो सांगतो, इंजिन ठणठणीत आहे, तुझा गिअरवरचा हात आळशी आहे, जा घरी. आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही, आणि मी दुकानदारांशी भांडण्यात उभं आयुष्य घालवलंय.

उरलेल्या निम्म्यांच्या गाडीला तो लॅपटॉप जोडतो. हल्लीच्या इंजिनात एक छोटा कॉम्प्युटर बसवलेला असतो. किती इंधन प्यायचं, किती जोर लावायचा, हे तो इंजिनाला सांगतो. कंपनी त्याला जरा दमानं घ्यायला शिकवून पाठवते. मामा त्याला पुढच्या वर्गात घालतो.

आमची ओळख भांडणातूनच झाली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यासमोरून गाड्या बोंबलत जायच्या, पेशंट दचकायचे. मी कलम पाठ करून हे गॅरेज बंद पाडायला गेले. मामानं सगळं ऐकून घेतलं, बसायला स्टूल दिलं आणि म्हणाला की सायलेन्सर काढणारे माझ्या दारात उभे राहत नाहीत, खोटं वाटत असेल तर बसून बघा. मला खोटंच वाटत होतं, म्हणून मी बसले. थोड्या वेळानं एक डिझेल गाडीवाला आला. त्याला धुराची गाळणी काढून हवी होती, म्हणजे गाडी आणखी पळेल. मामा त्याला म्हणाला, "पिकअप देईन, धूर नाही देणार. तुझ्या घरी कोणी श्वास घेत नाही का?"

तो माणूस तणतणत गेला. मी पाठ केलेलं कलम गिळून घरी आले. तेव्हापासून मामा मला वकीलबाई म्हणतो. मी वकील नाही, कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नाही. कायदा शिकले ती सरकारी कचेऱ्यांच्या रांगांत उभी राहून. हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तर म्हणतो.

त्याचा आणखी एक नियम होता, आणि सगळी गोष्ट त्या नियमापाशी येते. काम सुरू करायच्या आधी गिऱ्हाईकानं त्याच्यासमोर विमा कंपनीला फोन लावायचा, स्पीकरवर. इंजिनात बदल करतोय, पॉलिसीत नोंदवा, असं सांगायचं. प्रवासी वाहणारी गाडी असेल तर वाहन कार्यालयाची मंजुरी आणल्याशिवाय लॅपटॉपचं झाकण उघडायचं नाही. लोक कुरकुरायचे. हप्ता वाढेल म्हणायचे, कोणाला कळतंय म्हणायचे. मामाचं उत्तर ठरलेलं असायचं: जोर वाढला की गाडी बदलते, पण पॉलिसी जुन्याच गाडीची राहते. उद्या धडक झाली तर तुमच्या खिशात दुसऱ्याच गाडीचा विमा असेल.

हा नियम त्यानं सगळ्यांना लावला. एक गाडी सोडून.

ती गाडी ताईची, त्याच्या थोरल्या बहिणीची. आई गेल्यावर याला वाढवलं ते हिनं. याच्या डब्यापासून याच्या लग्नापर्यंत सगळं हिनंच पाहिलं, आणि गॅरेजसाठी जामीनही हीच राहिली. ताई डायलिसिससाठी हॉस्पिटलात जाणाऱ्या पेशंटांना घरून नेते आणि परत आणून सोडते. त्याचा तिच्याकडे परवाना आहे. पेशंट अशक्त, सोबत नातेवाईक, डिकीत चाकाची खुर्ची. एवढं ओझं घेऊन गाडी उड्डाणपुलाच्या चढाला लागली की रडकुंडीला यायची. पूल गॅरेजच्या मागेच आहे. मामाला हा आवाज रोज सकाळी ऐकू यायचा, आणि हातातला पाना तसाच राहायचा. दुसऱ्याची गाडी असती तर त्यानं बोलावून सांगितलं असतं. ताईला सांगण्याची सोय नव्हती. गाडीला हात लावायचा नाही, चालतेय ना, असं ती एकदा म्हणाली होती. ताई एकदा म्हणाली म्हणजे झालं.

मग ताईनं ऑइल बदलायला गाडी सोडली, आणि मामानं ऑइलबरोबर इंजिनाचा प्रोग्रामही बदलला. भेट म्हणून. भेट द्यायची तर आधी फोन कसा लावायला लावणार? आणि घरच्यांत कोण कागद करतं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ताईला फरक कळला. ती गल्लीभर सांगत सुटली की ऑइल चांगलं घालावं बायांनो, गाडी कशी हरणासारखी पळते बघा. मामा शटरमागे उभा राहून हसायचा. इतका खूश माणूस मी क्वचित पाहिलाय.

पुढं एका सिग्नलला ताई थांबलेली असताना मालाची व्हॅन मागून येऊन आदळली. पेशंट गाडीत नव्हता, ताईला खरचटलंसुद्धा नाही, डिकी मात्र चेपली. चूक सरळसरळ व्हॅनवाल्याची. पण ताईच्या विमा कंपनीचा तपासनीस आला, त्यानं स्टिअरिंगखाली वायर जोडून गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती काढली, आणि लिहून दिलं की आतला प्रोग्राम कंपनीचा नाही. विमा थांबला. विमा नाही तर प्रवासी परवानाही नाही. विमा कंपनीनं कळवल्यावर वाहन कार्यालयाची नोटीस आली: मंजुरीविना इंजिनात बदल, परवाना रद्द का करू नये ते समक्ष येऊन सांगा.

ताई नोटीस घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली की मी स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. कष्टकरी बाईला खोटं पाडतात म्हणजे काय! मी विमा कंपनीच्या काउंटरवर जाऊन असा आवाज लावला की आतला साहेब बाहेर आला. तपासनिसानंच घोळ घातलाय असा झणझणीत अर्ज लिहिला आणि मामाला वाचून दाखवायला गॅरेजात गेले. वाटलं, खूश होईल.

तो ऐकता ऐकता जॅकवर चढवलेल्या गाडीच्या चाकाला टेकला आणि खाली बसला.

"वकीलबाई, हा अर्ज देऊ नका," तो म्हणाला. "तो तपासनीस खरं बोलतोय."

मग त्यानं सगळं सांगितलं. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. राग निवल्यावर माझं डोकं आपल्या जुन्या वाटेनं धावू लागलं. गाडी सेकंडहँड घेतलेली होती. आधीच्या मालकानं केलं असेल म्हणायचं, कोण सिद्ध करणार? मामानं मान हलवली. म्हणाला, त्या माणसानं आपलं काय वाईट केलंय? मी अर्जाची घडी घालून पिशवीत टाकली.

खरं सांगितलं तर काय होईल हेही त्याला माहीत होतं. मालकाला न विचारता प्रवासी गाडीच्या इंजिनात फेरफार, तेही परवानाधारक गॅरेजात. त्याच्या गॅरेजचाच परवाना जायचा. न सांगावं तर ताईचा जायचा. दोन्ही वाचतील अशी वाट नव्हती. त्या संध्याकाळी तो ताईच्या घरी गेला आणि सांगून टाकलं. काय झालं विचारल्यावर एवढंच म्हणाला, "काही बोलली नाही. ताट वाढलं." ताईनं न बोलता ताट वाढणं म्हणजे काय, ते तिच्या भावालाच माहीत.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. टेबलापलीकडे मध्यम वयाच्या अधिकारीबाई होत्या, चेहऱ्यावर कामाचा शीण, पण बोलणं शांत. मामानं घसा खाकरला. तो तोंड उघडणार, तोच ताई म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्याला करायला. माझी गाडी, माझी जबाबदारी. त्याच्या गॅरेजला यात ओढू नका."

मी चाट पडले. मामा तर उभाच राहिला.

"खोटं बोलतेय ती, मॅडम."

"तू गप्प बस. मोठी माणसं बोलताहेत."

"तिला काहीसुद्धा माहीत नव्हतं."

"मला सगळं माहीत होतं," ताई म्हणाली.

अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं आणि ताईला विचारलं की मग नेमकं कशात बदल करायला सांगितलं होतं. ताईनं क्षणभर भावाकडे पाहिलं. भाऊ छताकडे बघत होता.

"कार्बोरेटरमध्ये," ताई ठामपणे म्हणाली.

"या गाडीला कार्बोरेटर नसतो," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच बसवायला सांगितला."

शेजारच्या टेबलावरचा कारकून खोकल्याचं सोंग करत उठून गेला. अधिकारीबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं. त्यांनी मामाला बसायला सांगितलं आणि जबाब लिहायला घेतला. त्यानं एक शब्द लपवला नाही. कधी केलं, कसं केलं, बहिणीला का विचारलं नाही, सगळं सांगितलं. गाडीचा मूळ प्रोग्राम आपण जपून ठेवलाय, तुमच्या माणसासमोर परत घालून देतो, असंही म्हणाला. ताई मान खाली घालून ऐकत होती. तिथं माझं काही कामच नव्हतं.

निकाल पत्रानं आला. गाडी पूर्ववत होऊन तपासणीत पास झाली की ताईचा परवाना कायम, आणि विमा कंपनीला तसं कळवू. मामाच्या गॅरेजचा इंजिनकामाचा परवाना निलंबित. नव्यानं अर्ज करता येईल, पण कधी मिळेल याचा भरवसा नाही. तोवर ब्रेक, क्लच, पंक्चर एवढंच. मी लगेच अपील लिहायला बसले होते. मामानं कागद ओढून घेतला. म्हणाला, वकीलबाई, जे दिलंय ते बरोबर दिलंय. कायद्याशी भांडायची मला इतकी सवय, की कायदा बरोबर असू शकतो हे पचायला वेळ लागला.

तपासणीच्या दिवशी मामानं कार्यालयाच्या आवारात, निरीक्षकासमोर, गाडीला लॅपटॉप जोडला आणि आपलं काम आपल्याच हातानं पुसलं. फार वेळ लागला नाही. निरीक्षकानं तपासून शिक्का मारला आणि तो आत गेला. ताई आणि मामा गाडीच्या दोन बाजूंना उभे होते. सुनावणीपासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"मला विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते," ताई म्हणाली.

"हो."

"म्हणून विचारलं नाहीस."

"हो."

ताईनं किल्ली हातात घेतली, दार उघडलं, पण आत बसली नाही.

"पुढच्या वेळी विचार. मी नाहीच म्हणेन. पण विचार."

मामानं मान डोलावली. मग ती आत बसली आणि पलीकडचं दार आतून उघडून धरलं. मामा पुढच्या सीटवर, तिच्या शेजारी जाऊन बसला. मी मागे बसले. ताईनं आधी त्याला पट्टा लावायला सांगितला, आणि तो नीट लागला की नाही हे स्वतः ओढून पाहिल्यावरच गाडी सुरू केली.