मूठ वळून पाठ केलेलं इंग्रजी

आमच्या घरात अक्षरओळख पत्रकांवरून झाली. वडील पत्रकं लिहायचे, आई ती टाकव्याच्या चौकात वाटायची, आणि उरलेल्या गठ्ठ्यावर मी बसायचे. त्यामुळे ‘जाहीर’, ‘तीव्र’ आणि ‘निषेध’ हे शब्द मला ‘बदक’च्या आधी वाचता आले. शब्द शिकायची एकच रीत आम्हाला माहीत होती: एकाने ओरडायचा, बाकीच्यांनी मूठ वर करून परत ओरडायचा. असा शिकलेला शब्द माणूस विसरत नाही. मी तरी अजून एकही विसरलेले नाही.

माझी मावशी मळवलीला एका बंगल्याची राखण करते. मागची खोली तिला राहायला आहे. जुना मालक मराठीत बोलायचा, म्हणजे फारसा बोलायचाच नाही. गेल्या वर्षी बंगला विकला गेला. नव्या मालकाने तो शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायला काढला आणि तिला सांगितलं, “मावशी, गेस्टशी थोडं इंग्लिश बोलता आलं पाहिजे. वेलकम, नॉट अलाऊड. आणि सॉरी तर आलंच पाहिजे. एक वीकेंड मी स्वतः बसून बघतो. नाही जमलं तर दुसरं कोणी बघावं लागेल.”

दुसरं कोणी आलं की खोलीही त्याचीच.

मावशी माझ्याकडे आली. मी म्हटलं, बंगला झाडायला इंग्रजी लागत नाही, या अटीविरुद्ध पत्रक काढू. चहा उकळेपर्यंत मजकूर लिहून वाचूनही दाखवला.

“ब्येस लिवलंस,” मावशी म्हणाली. “आता वेलकम शिकव.”

सुरुवातीला मी बंगल्यावर जाऊन हळू आवाजात अर्थ सांगायचे, मग उच्चार, मग शब्द वाक्यात कुठे बसतो ते. सकाळी दिलेला शब्द दुपारपर्यंत गेलेला असायचा. तेव्हा घरची रीत काढली. ती चादरी पिळायची. मी ओरडायचे, “टॉवेल!” ती ओल्या चादरीसकट मूठ वर करायची, “टॉवेल!” त्यानंतर एकही शब्द गेला नाही.

शेजारच्या बंगल्याचे राखणदार आबा कुंपणाशी आले.

“कुनाचा मोर्चा हाय गं?”

“टॉवेलचा, आबा. या तुमी बी.”

“मागनी काय हाय?”

“सोफ्यावर टाकू न्हाई.”

आबांनी मागणी रास्त असल्याचं सांगितलं आणि परत गेले.

‘वेलकम’साठी ओठांचा चंबू करावा लागतो, असा माझा आग्रह होता. “पोरी, एवढं त्वांड वाकडं करून कुनी ‘या’ म्हनतं व्हय?” मी म्हटलं, पाहुणा आला की वेलकम, आणि त्याने आभार मानले की पुन्हा वेलकम.

“आल्यावर बी त्येच, आभार मानल्यावर बी त्येच? लय काटकसरी भाषा हाय.”

‘सर’ आणि ‘सॉरी’ हे दोन शब्द मी अभ्यासक्रमातून वगळले होते. शुक्रवारी तिने विचारलंच.

“त्यो सॉरी राहिलाय.”

“तो आपण शिकत नाही.”

“तुजं तत्त्व मला पटतंय. पर खोली बी मलाच लागती.”

मी शिकवला. अर्थ: माझं चुकलं. उपयोग: ज्याचं चुकलं त्याने म्हणायचं.

“आन् माजं चुकलं नसंल तर?”

“तर म्हणायचं नाही.”

तोही तिने मूठ वर करूनच घोटला.

शनिवारी मालक व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला. मी आत चादरींच्या घड्या घालत होते. पुण्याहून चार मित्र आले. मावशी दारात उभी राहिली.

“वेलकम!” मूठ खांद्यापर्यंत गेलीच.

चौघं दचकले आणि एका सुरात म्हणाले, “वेलकम!”

“वेट टॉवेल! सोफा! नॉट अलाऊड!”

“नॉट अलाऊड!” आता त्यांना मजा यायला लागली होती. मालक खुर्चीत पुढे सरकला.

दुपारी त्यांतला एक जण काचेच्या टीपॉयवर उभा राहून फोटो काढत होता. टीपॉय फुटला. त्याला लागलं नाही. मालक धावत आला, पाहुण्याकडे बघून हसला आणि मावशीला हळूच म्हणाला, “मावशी, सॉरी म्हणा.”

मावशीने टीपॉयकडे पाहिलं, मग त्या मुलाकडे. खोलीची किल्ली तिच्या कमरेला होती, तिच्यावर तिने हात ठेवला. मला वाटलं, आता म्हणणार. म्हणाली असती तर मी तिला दोष दिला नसता, फक्त पत्रक काढलं असतं.

तिने मूठ वळली.

“सॉरी!”

“सॉरी!” तो मुलगा म्हणाला. सकाळपासूनची सवय.

“सॉरी!”

“सॉरी,” या वेळी तो काचांकडे बघून म्हणाला. “खरंच सॉरी, मावशी. मी उचलतो.”

“वेलकम,” मावशी म्हणाली. “पर काचंला हात, नॉट अलाऊड.” आणि झाडू आणायला गेली.

मालकाला हवा होता तो शब्द त्याच्यासमोर म्हटला गेला होता. कोणी कोणाला म्हटला, हे विचारायच्या मनःस्थितीत तो नव्हता. “उच्चार चांगला आहे,” तो मला म्हणाला. खोली मावशीकडे राहिली.

इंग्रजीच्या अटीविरुद्धचं पत्रक मी अजून छापलेलं नाही. मजकूर बदलायची मात्र मला गरज वाटत नाही.