गार्डसाहेबांचा डबा

गल्लीत त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत. दूधवाला म्हणे, शेजारीण म्हणे, न्हावी तर खुर्ची झटकून "या, गार्डसाहेब" म्हणे. आणि दर वेळी ते मान खाली घालायचे. सगळ्याची सवय होते म्हणतात. कसली डोंबलाची होते! उभा जन्म गेला, तरी त्या दोन शब्दांनी त्यांचे कान तापायचे ते तापायचेच.

कारण गार्डसाहेब गार्ड नव्हते. एक दिवसही नव्हते. मालगाडीच्या रिकाम्या वाघिणी झाडायचं काम त्यांनी केलं, पहिल्या पगारापासून शेवटच्या पगारापर्यंत. आणि हे त्यांच्या बायकोला माहीत नव्हतं.

आता खरं सांगायचं तर वाघिणी झाडण्यात लाजण्यासारखं काय आहे? कुणीतरी झाडल्याच पाहिजेत. काल ज्या वाघिणीतून सिमेंट आलं तिच्यात उद्या साखर भरायची, तर मधे झाडू मारणारा नको? लाज कामाची नव्हती. लाज तोंडाची होती. वेळेवर न उघडलेल्या तोंडाची.

लग्न ठरलं तेव्हा ते खरोखरच गार्डाच्या नोकरीसाठी निवडले गेले होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. सासरे शिंपी होते. त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं, की आमचा जावई गार्ड आहे, त्यानं हिरवा झेंडा हलवल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. लग्न झालं आणि मग डोळ्यांची तपासणी आली. डॉक्टरांनी टेबलावर रंगीत लोकरीच्या लडी पसरल्या आणि म्हणाले, यातल्या हिरव्या वेगळ्या काढा. त्यांनी काढल्या. डॉक्टरांनी ढिगाकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, पुन्हा काढा. त्यांनी पुन्हा त्याच काढल्या. लाल आणि हिरवा आपल्याला एकच दिसतो, हे त्या क्षणापर्यंत त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. घरी कच्चे टोमॅटो तोडले म्हणून आई ओरडायची, तेव्हा त्यांना वाटायचं आपण धांदरट आहोत.

साहेबाला दया आली. अगदीच हाकलून न देता त्यानं वाघिणी झाडायच्या टोळीत घातलं. घरी जाऊन सांगून टाकू, असं ठरवूनच ते निघाले होते. दारात बघतात तर सासरे. जावयासाठी काळा कोट शिवून आणलेला, पितळी बटणांचा. "घाला बघू," सासरे म्हणाले. बायको दाराआडून बघत होती. त्यांनी कोट अंगात घातला आणि तिथंच सगळं संपलं. उद्या सांगू, म्हणाले मनाशी. तो उद्या कधी उजाडला नाही.

एक खोटं पचलं की दुसरं आपसूक मागून येतं. गार्ड म्हटला की तो रोज संध्याकाळी घरी कसा येईल? चार गावं लांब जाईल, रात्री बाहेर काढील. मग यांनाही महिन्यातून दोन-तीनदा 'गाडीवर' जाणं भाग पडलं. पण जायचं कुठं? यार्डाच्या पार टोकाला, गवत वाढलेल्या बाजूच्या रुळावर, गार्डाचा एक जुना डबा उभा होता. मालगाडीच्या शेवटी लागते ना ती लाकडी खोली, तोच: एक बाक, एक शेगडी, बाहेर डोकवायला दोन बाजूंना दोन खिडक्या. आसाला चीर गेली म्हणून काढून ठेवलेला, कुणी ढुंकून बघत नसे. गार्डसाहेब ड्यूटी संपली की तिथं जाऊन झोपायचे, सकाळी तिथूनच झाडू घेऊन कामाला जायचे. टोळीतले म्हणायचे, "घरचीनं पुन्हा बाहेर काढलं वाटतं." हे हसायचे. दोन्हीकडून हसं झालेला माणूस आणखी काय करणार?

गंमत अशी, की त्यांचं घर यार्डाच्या भिंतीपलीकडच्याच गल्लीत होतं. यार्डाचं फाटक मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे गल्लीतलं कुणी तिकडे फिरकत नसे, आणि गल्लीत रेल्वेचा दुसरा माणूसही नव्हता. म्हणून हे सगळं पचलं.

आणि परत आल्यावर सांगायच्या गोष्टी? त्यांना तोटाच नव्हता. वाघीण कुठून आली हे तिच्या बाजूला अडकवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, आणि तिनं काय वाहिलं हे झाडणाऱ्याइतकं कुणाला कळणार? मिठाच्या वाघिणीचे खिळे आधी गंजतात. घोड्यांच्या वाघिणीतला वास कितीही पाणी मारा, जात नाही. तागाची वाघीण झाडली की दिवसभर शिंका. चुन्याच्या भट्टीसाठी शिंपले यायचे त्या वाघिणीच्या कोपऱ्यात ओली वाळू साचलेली असायची. बाकीचं ते चहाच्या टपरीवर खऱ्या गार्डांकडून काढून घ्यायचे. मग घरी येऊन खिशातला शिंपला काढायचा आणि म्हणायचं, "बंदरावर उतरलो होतो. वारा असा, की टोपी धरून चालावं लागतं." बायको ऐकत राहायची. "एवढं जग बघितलं, पण टोमॅटो पिकलेला की कच्चा हे काही तुम्हाला कळलं नाही," असं चिडवायची. ते कसनुसे हसायचे.

लेक झाली. तिला चिमणीच म्हणायचे सगळे. ती तर बापाच्या गोष्टींवर जेवायची. तिनं एकदा विचारलं, बाबा, तुमच्या डब्याचा नंबर काय? आणि या शहाण्यानं, दुसरा कुठला आठवेना म्हणून, त्याच मोडक्या डब्याचा नंबर सांगितला. मग मायलेकी गल्लीच्या तोंडाशी, यार्डाची भिंत संपून मोठी लाइन दिसते तिथं उभ्या राहून जाणाऱ्या प्रत्येक मालगाडीचा शेवटचा डबा बघायच्या. नंबर कधी जुळला नाही. चिमणी तरी हात हलवायची, आणि कुणीतरी परका गार्ड तिला झेंडा हलवून दाखवायचा.

चिमणी सहा वर्षांची असताना गेली. ताप डोक्यात चढला, दोन दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. गार्डसाहेब तेव्हा 'बंदरावर' होते. संध्याकाळच्या मालगाडीनंतर घरी आले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता.

बायकोनं त्यांना कधी एका शब्दानं दोष दिला नाही. उलट कुणी कुजबुजलं, की बाप वेळेला नव्हता, तर ती फणकारून म्हणायची, "इतक्या लांबून येणार कसे ते? मालगाडी म्हणजे काय टांगा आहे, अर्ध्यातून वळवून आणायला?" असं ती त्यांची बाजू घेऊन बोलली, की त्यांना वाटायचं धरणीनं पोटात घ्यावं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. तिची माया सोसवत नव्हती. त्यानंतर ते कधी 'गाडीवर' गेले नाहीत. यार्डातलंच काम मागून घेतलं, असं घरी सांगितलं. बायको म्हणाली, बरं केलंत.

वर्षं गेली. ते रिटायर झाले, मग यार्डही बंद पडलं. आणि आता म्हातारपणी रेल्वेला काय सुचलं, तर त्याच यार्डात जुन्या वाघिणींचं संग्रहालय काढलं. गावाच्या त्या टोकाचं फाटक लोकांना उघडं झालं. शेजारीण जाऊन आली आणि सांगत सुटली, की गार्डाचा डबासुद्धा आहे हो, रंगबिंग देऊन ठेवलाय. बायकोचे डोळे लकाकले. "तुमचाच असला तर?"

गार्डसाहेबांनी गुडघे पुढे केले, ऊन पुढे केलं, तिकीट महाग असेल म्हणून बघितलं. शेवटी ती म्हणाली, "राहू दे मग, मी एकटीच जाऊन येते." एकटी गेली तर तिथं काय ऐकून येईल कुणास ठाऊक. निदान आपण सोबत असू, काहीतरी सावरून घेऊ, अशा हिशोबानं ते निघाले. खोट्याला पाय नसतात म्हणतात. यांच्या खोट्यानं त्यांना पार गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालवत नेलं.

माहिती सांगायला एक तरतरीत मुलगी होती. एकेका वाघिणीपाशी थांबून ती कुठून कुठं गेली ते सांगायची. ही मिठागरांतून डोंगरापलीकडे जायची, ही छावणीतले घोडे न्यायची, हिच्यात बर्फात घातलेले मासे यायचे. गार्डसाहेबांना प्रत्येक वाघीण ओळखीची होती. हिच्या फळीनं आपला हात सोलला होता, हिच्यातला घोड्यांचा वास आपल्या शर्टाला लागून घरापर्यंत आला होता. मान वर करायची मात्र चोरी.

"आमचे हे गार्ड होते बरं का," बायकोनं त्या मुलीला सांगितलंच.

"अय्या, मग आजोबा, तुम्हीच सांगा ना काहीतरी."

"घसा बसलाय," गार्डसाहेब म्हणाले.

डबा शेवटी होता. ताजा रंग दिलेला. कुठला ते देव जाणे. बायकोनं चष्मा सारखा केला, नंबर एकेक आकडा करून वाचला आणि त्यावर हात ठेवला. "हाच," ती म्हणाली. "हाच हो. किती शोधला आम्ही."

मुलगी जरा घुटमळली. "आजी, हा मात्र कुठं गेलाच नाही. आसाला चीर गेली म्हणून बाजूला काढला तो इथंच. पन्नास वर्षांवर झाली, याच रुळावर आहे. आम्हीही हलवला नाही, जागच्या जागी रंग दिला."

"छे, काहीतरी चुकतंय तुमचं. यांनी यातून जग पालथं घातलंय." मग नवऱ्याकडे न बघताच बायकोनं स्वतःच तोड काढली. "हाच नंबर मागाहून दुसऱ्या डब्याला दिला असेल. देतात ना हो असं?"

नुसती मान हलवायची होती. मुलगीही समजूतदार, "असेल हो आजी," म्हणून मोकळी झाली होती. गार्डसाहेबांनी जन्मभर मान हलवली होती, आणखी एकदा हलवायला काय जात होतं? पण मान हलेना. आणि तेवढ्यात बायको त्या मुलीला सांगायला लागली, की आमची लेक गेली तेव्हा हे असेच लांब होते, पार बंदरावर, तारही पोचली नसती. असं सांगत सांगत, दांडा धरून, ती डब्यात चढली.

"अगं, नको चढू," ते म्हणाले, पण ती आत गेली होती.

मुलगी दुसऱ्या लोकांकडे वळली. गार्डसाहेब खाली दांड्याशी उभे राहिले.

"अहो, इकडे या."

ते चढले. बायको बाकावर बसली होती, खिडकीशी. डबा उंच असल्यामुळे भिंतीवरून पलीकडची गल्ली सरळ दिसत होती. सार्वजनिक नळ, न्हाव्याची पाटी, दोरीवर सकाळी तिनंच वाळत घातलेली चादर.

"ते आपलं दार ना?"

"हो."

"तुम्ही बंदरावर नव्हता."

"नव्हतो."

"इथं होता."

"इथं होतो." एवढं तोंड उघडलंच आहे, तर सगळंच ओतून टाकावं म्हणून ते घाईघाईनं म्हणाले, "मी गार्ड नव्हतोच कधी. डोळ्यांत नापास झालो. वाघिणी झाडायचो मी."

"ते असू दे," बायको म्हणाली.

असू दे. ज्या गोष्टीपायी त्यांनी उभा जन्म जाळला, ती तिनं अंगावरची माशी उडवावी तशी बाजूला केली. तिची नजर खिडकीवरून हलली नव्हती.

"त्या दिवशी दुपारी कंपाउंडर आला होता सायकलवरून. तो दिसला तुम्हाला?"

"दिसला. काम आटपून इथंच बसलो होतो. मला वाटलं माझ्या आईचा दमा उपटला. तिच्यासाठी यायचाच ना तो."

"आणि मग बायका जमल्या. ते?"

नाही म्हणता आलं असतं. खिडकी लावून झोपलो होतो, म्हणता आलं असतं. खोटं पाडायला कुणी उरलं नव्हतं.

"दिसलं," ते म्हणाले.

"मग?"

"गाडी संध्याकाळी येणार होती." बोलताना त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना. "गाडी यायच्या आधी मी घरी कसा येणार, असं वाटलं."

बायको खिडकीतून त्या दाराकडे बघत राहिली.

"ती शुद्धीवर होती तोवर सारखं विचारत होती," ती म्हणाली, "बाबांची गाडी कुठवर आली. कंपाउंडर गेल्यावरसुद्धा विचारलं. मी आपलं सांगत होते, लांब आहे गं अजून, खूप लांब आहे."

बाकावर दोघांपुरती जागा होती. ती बसा म्हणाली नाही. गार्डसाहेब उभेच राहिले.